शेण मारणारे कोण होते?

पेपरात नाटकांची परीक्षणं येतात. दादरला झालेल्या, पुण्याला झालेल्या नाटकांची. तिकीट काढू शकणाऱ्यांसाठी लिहिलेली. मी ज्या नाटकाबद्दल लिहितोय ते बारा मिनिटांचं होतं. त्याला तिकीट नव्हतं, लेखकाचं नाव नव्हतं, आणि पडदा म्हणून दोन पोरांनी धरलेली चादर होती. ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीला, आमच्या सुकापूरच्या आसपासच्या एका जिल्हा परिषद शाळेत ते झालं. शाळेचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की दोष त्या एका शाळेचा होतो आणि बाकीच्या सगळ्या सुटतात.

कोणी म्हणेल, शाळेतल्या पोरांच्या नाटुकल्यावर कसली समीक्षा? तर मी उलट विचारतो. आपल्या माणसाला आयुष्यातलं पहिलं नाटक कुठं भेटतं? पहिली कविता, पहिलं भाषण, पहिला माईक? शाळेत. कित्येकांना शेवटचंही तिथंच भेटतं. मग समीक्षकांनी तिथं का जाऊ नये? ते जात नाहीत म्हणून मी गेलो. मी लोखंडाच्या मिलमध्ये पाळीनं काम करणारा माणूस. रात्रपाळी सुटली, तोंडावर पाणी मारलं आणि तसाच जाऊन चटईवर बसलो. भाची पाचवीत आहे, तिनं बजावून ठेवलं होतं, "मामा, झोपायचं नाही."

नाटक असं. सावित्रीबाई काठाची साडी नेसून, हातात पाटी घेऊन निघतात. वाटेत दोन पोरं उभी. ती त्यांच्यावर शेणाचे गोळे मारतात. गोळे चिखलाचे होते. लोक हसले. पोरांचा नेम चुकला तेव्हा जास्त हसले. सावित्रीबाई थांबतात, एक बाणेदार वाक्य बोलतात, पिशवीतून दुसरी साडी काढून खांद्यावर टाकतात आणि शाळेत जातात. शाळेत सहा मुली बसलेल्या. त्यातली एक माझी भाची. सहाही जणींना वाक्य नव्हतं. "अ आ इ ई" म्हटलं, टाळ्या झाल्या, चादर आली.

घरी येताना भाचीनं विचारलं, "मामा, ते शेण मारणारे कोण होते?"

मी म्हटलं, बाईंना विचारलं नाहीस?

"विचारलं. बाई म्हणाल्या, वाईट लोक होते."

ह्या एका उत्तरावर माझं हे सगळं लिहिणं आहे.

*

नाटकात शेण होतं, शेण झेलणारी होती, आणि फेकणारा नव्हता. दोन पोरं होती, पण त्यांना नाव नाही, घर नाही, वाक्य नाही. ती कशासाठी मारतात हे नाटकाला माहीत नाही. जणू पाऊस पडावा तसं शेण पडलं. आपल्याकडं जातीबद्दल बोलायची ही रीतच पडून गेलीय. "अन्याय झाला", "छळ सोसावा लागला", "त्या काळी तशी प्रथा होती." मराठीत ह्याला कर्मणी का भावे काय म्हणतात ते व्याकरणवाल्यांनी सांगावं. मला एवढं कळतं, की ज्या वाक्यात मारणाराच नाही ते वाक्य मारणाऱ्याच्या सोयीचं असतं.

मग भाचीला खरं उत्तर काय द्यायचं? दोन दिवस मी त्याच विचारात होतो. "बामण होते" असं म्हणून मोकळं व्हावं, तर ते अर्धंच. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा निघाली ती भिड्यांच्या वाड्यात. जोतीरावांच्या बाजूला गोवंडे होते, जन्मानं ब्राह्मण. आणि पुढच्याच वर्षी जोतीरावांना आणि सावित्रीबाईंना घराबाहेर काढलं ते गोविंदरावांनी, सख्ख्या बापानं, समाजाच्या भीतीनं. त्यांना जागा दिली ती उस्मान शेखनं. म्हंजे शेण रक्तातून येत नाही. ते हुकमातून येतं. बाईनं शिकू नये, शूद्रानं शिकू नये, अतिशूद्रानं तर नावच काढू नये, हा धर्माच्या नावाचा हुकूम होता आणि त्या हुकमावर काहींचं पोट चालत होतं, मान चालत होता. शेण मारणारा त्या हुकमाचा नोकर होता. एवढं दहा वर्षांच्या पोरीला सांगता येतं. मी सांगितलं. तिला कळलं.

आता कोणी म्हणेल, एवढ्या लहान पोरांच्या तोंडी असलं कशाला? त्यांच्यासाठी माझ्याकडं एक साक्षीदार आहे. मुक्ता साळवे. मांग समाजातली, फुल्यांच्या शाळेत शिकणारी, वय चौदाच्या आसपास. तिनं मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ साली तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तो निबंध काढून वाचा. त्यात "वाईट लोक" असं मोघम कुठं नाही. कोण लाडू खातो, कोणाला वेद वाचू देत नाहीत, कोणाच्या वाड्याच्या पायात कोणाला पुरलं, हे ती पोरगी एकेकाला उभं करून विचारते. मग धर्म तरी आमचा कोणता, असा सवाल टाकते. पावणेदोनशे वर्षं होत आली. शाळेत बसलेली पोरगी १८५५ साली जे नाव घेऊन बोलली, ते आज तिच्याच गुरूच्या जयंतीला शाळेत कोणी बोलत नाही. त्या सहा मुलींमधली एक मुक्ता असायला पाहिजे होती. तिला वाक्य पाहिजे होतं. आणि सावित्रीबाईंच्या शेजारी फातिमा शेख पाहिजे होती. बारा मिनिटांत तेवढी जागा होती. तीन मिनिटं तर साडी बदलण्यातच गेली.

*

हा रोग फक्त नाटुकल्यांचा नाही. शाळेत जे पुस्तक सगळ्यात पवित्र मानतात ते 'श्यामची आई' घ्या. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं. मला साने गुरुजींची थट्टा करायची नाही. ज्या माणसानं १९४७ साली पंढरपूरच्या देवळाचं दार आपल्यासाठी उघडावं म्हणून प्राण पणाला लावले, त्याची थट्टा करणारी जीभ माझी नाही. पण पुस्तक ते पुस्तक. त्यात एक महारीण म्हातारी आहे. तिच्या डोक्यावरची मोळी पडते, कोणी हात लावत नाही. श्यामची आई श्यामला म्हणते, जा, उचलून दे, मग आंघोळ कर. शाळेत हा पाठ शिकवताना बाईंचे डोळे भरून येतात, माझेही आले होते. पण पुढं कधीतरी वाटलं, ती म्हातारी मोळी घेऊन कुठं गेली? तिचं घर कुठं, तिच्या चुलीवर काय होतं, तिला तो आंघोळीचा भाग ठाऊक होता का? कथा श्यामच्या मागं घरी जाते. म्हातारीच्या मागं कोणी जात नाही. करुणा सगळी श्यामला मिळाली, आणि म्हातारीला फक्त मोळी.

तिच्या मागं जाणारं लिहिणं ते आपलं लिहिणं. आपल्या लेखकांनी शाळा लिहिली, आणि "कोण?" ह्या प्रश्नाचं उत्तर दिलं. शरणकुमार लिंबाळेंच्या 'अक्करमाशी'त (१९८४) सुरवातीलाच शाळेची सहल आहे. सवर्ण पोरं एकीकडं झाडाखाली, ही पोरं दुसरीकडं. त्यांचं उरलंसुरलं ह्यांच्या पदरात. आणि सहलीहून आल्यावर गुरुजी काय सांगतात? सहलीवर निबंध लिहा. पोरगं कोरी वही घेऊन बसतं, काय लिहिणार? माझ्या मते आपल्या समीक्षेचा जन्म त्या कोऱ्या पानातून झाला. शाळा म्हणते, जे झालं ते छान शब्दांत लिहा. आपलं पोरगं म्हणतं, जे झालं ते छान नव्हतं. तो न लिहिलेला निबंध पुढं पुस्तक होऊन आला.

ऊर्मिला पवारांच्या 'आयदान'मध्ये (२००३) शाळेतलं शेण आहे. आपल्या कोकणातलं, खरं शेण. ते काढायला ह्या पोरीलाच सांगतात. ती नाही म्हणते, मार खाते. आणि तिची आई, सुपं-टोपल्या विणून संसार ओढणारी विधवा बाई, त्या गुरुजीला रस्त्यात थांबवून जाब विचारते. तिथं मारणारा आहे, त्याला विचारणारीही आहे. म्हणून त्या प्रसंगावर कोणी हसत नाही. आणि कुमुद पावडे 'अंतःस्फोट'मध्ये (१९८१) सांगतात की त्या संस्कृत शिकल्या, शिकवायला लागल्या, तरी कौतुकाच्या प्रत्येक शब्दामागून जात डोकावतच राहिली. शिव्या परवडल्या असं ते कौतुक.

*

इथपर्यंत वाचून मित्र खूश झाले असतील. आता आपल्याकडं वळतो.

आपल्या आत्मकथनांत शाळा बहुतेक वेळा शिडी आहे. लेखक खालच्या पायरीवर मार खातो, वरच्या पायरीवर पोचतो आणि निघून जातो. पुस्तक त्याच्याबरोबर जातं. शाळा मागं राहते. त्याच्या शेजारी त्याच कोपऱ्यात बसणारा, चौथीत गळालेला, त्याचं काय झालं? साधारण तो एका ओळीत येतो. हे मी दोष म्हणून सांगत नाही, भुकेल्याला आधी स्वतःची भूक लिहावी लागते. पण श्यामच्या पुस्तकानं म्हातारीला मोळी देऊन वाटेला लावलं असं मी म्हणत असेन, तर आपल्या पुस्तकांनी त्या गळालेल्याला काय दिलं, हेही मला विचारलं पाहिजे. मी नववीत गळालेला आहे. म्हणून विचारतो.

आणि दुसरी गोष्ट. शाळा म्हंजे आपल्यासाठी नुसती शिडी कधीच नव्हती. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोल्यांचा जो ठराव झाला, त्यात सार्वजनिक विहिरी-पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही होत्या. पाणी आणि शाळा एकाच ठरावात. त्याच ठरावाच्या जोरावर २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडला चवदार तळ्यावर गेले. आपल्याच जिल्ह्यात. ते बाबासाहेब साताऱ्याच्या शाळेत स्वतःचं गोणपाट घेऊन बसलेले. ७ नोव्हेंबर १९०० ला त्यांचं नाव तिथं घातलं, आता तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. ते गोणपाट रोज घरी न्यावं लागायचं, कारण शाळा झाडणारा त्याला शिवायचा नाही. महाडच्या सत्याग्रहासाठी राबलेले आर. बी. मोरे लाडवलीचे. त्यांना पोरवयात महाडच्या इंग्रजी शाळेत घेईनात, तर त्यांनी वर्तमानपत्रात तक्रार छापून आणली. प्रवेश मिळाला, पण बसायची जागा वेगळी. पुढं तेच मोरे मुंबईत कामगारांचे पुढारी झाले. म्हंजे त्यांची चळवळ एका शाळकरी पोराच्या पत्रातून सुरू झाली. आपल्या माणसांसाठी शाळा हे चवदार तळंच होतं. तळ्यावर आपण पाणी पिऊन निघून जाण्यासाठी गेलो नव्हतो. ते सगळ्यांचं आहे हे ठरवायला गेलो होतो.

*

मग आज त्या तळ्यावर कोण उरलंय? आमच्या इकडं या. नवीन पनवेल ओलांडलं, माथेरानच्या रस्त्याला लागलं की सुकापूर. १९७० साली सिडको आली, पनवेल-उरणच्या जमिनी गेल्या, १९८४ साली जासईला शेतकऱ्यांनी गोळ्या खाल्ल्या, आणि आता जिकडं बघाल तिकडं इमारती. इमारतीतली पोरं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जातात. गावातल्या आगऱ्यांची पोरंही बरीच तिकडंच. आपल्यातले जे नोकरीला लागले, तेही पहिल्या पगारात पोरगं तिकडं घालतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत राहतात ते बांधकामावरच्या मजुरांची पोरं, कातकरी पोरं, परप्रांतातून आलेल्यांची, आणि माझ्या ताईसारख्या घरकाम करणाऱ्या बायांची.

शंभर वर्षं आपण दार ठोठावलं. दार उघडलं, आपण आत आलो, तर बाकीचे मागच्या दारानं निघून गेले. आता कोपऱ्यात बसवायची गरजच राहिली नाही, सगळी शाळाच कोपऱ्यात गेली. खिचडीच्या रांगेत पुढं-मागं करायचं कारण नाही, कारण रांगेत सगळे मागचेच. आणि २०२३ साली सरकार म्हणालं, वीसाच्या आत पट असलेल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करू. मोरेंना वेगळी जागा मिळाली होती. उद्या डोंगरातल्या वाडीवरच्या पोराला तेवढीही जवळ राहते का, बघा.

ही नवी अस्पृश्यता आपल्या लिहिण्यात कुठं आहे? नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त (२०१४ साली पडद्यावर आला) डुक्कर पकडता पकडता शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. एका चित्रात शाळा, देश आणि डुक्कर. कथा-कवितेत मला तसं अजून सापडत नाही. आपली कविता अजून जुन्या गुरुजीच्या छडीवर अडकलीय. आज शिकवणाऱ्या बाई कदाचित आपल्यातल्याच असतात. परिपाठात प्रतिज्ञेबरोबर संविधानाची उद्देशिका वाचतात, २०२० च्या २६ जानेवारीपासून तसा हुकूमच आहे. भिंतीवर बाबासाहेब आहेत. तरी शेण मारणारा सापडत नाही. हे जुन्या शब्दांत पकडता येत नाही. नवे शब्द शोधायला तिथं जाऊन बसावं लागेल.

आणि बसायला जागा आहे. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश माणसं पालकांतली ठेवली, निम्म्या बाया ठेवल्या, वंचितांना त्यांच्या प्रमाणात जागा ठेवली. 'आयदान'मधली आई रस्त्यात उभी राहून विचारत होती, आज तिला आत खुर्ची आहे. माझी ताई त्या खुर्चीवर आहे. वर्षभर सह्या करते. मी विचारलं, कशावर? म्हणाली, "बाई सांगतात तिथं." दोष ताईला देऊ? दिवसाला चार घरची भांडी घासते ती. दोष माझा. घरात कवी म्हणवून घेणारा भाऊ आहे आणि त्यानं एकदाही तो कागद वाचून दाखवला नाही. आपण १४ एप्रिलला शाळेत जातो, हार घालतो, फोटो काढतो, वर्षभर तिकडं फिरकत नाही. आपल्या पुढाऱ्यांनाच कशाला, मी स्वतःलाही सांगतोय.

*

मग मी बाईंना भेटायला गेलो. ताई म्हणाली, "बोलताना सांभाळून. पोरीला तिथंच शिकायचंय." सांभाळूनच बोललो. बाईंनी शांतपणे ऐकलं. म्हणाल्या, "भाऊ, मला काय ठाऊक नाही का कोणी मारलं? पण मी नाव घेतलं की उद्या वर अर्ज जातो. मग मी खुलासे लिहीत बसते आणि वर्गात पोरं बसून राहतात. तुम्ही नाटक बघून लिहिणार. मला रोज इथं उभं राहायचंय." मग म्हणाल्या, "आणि वर्गात त्या जातीचं एक पोरगं असलं तर? त्याला ते गोळे मारायला लावू? आणि मग सगळी त्याला चिडवतील, त्याचं काय?"

मी निरुत्तर झालो. कागदावर समीक्षा सोपी असते. एक लहान पोरगं उभं करून त्याच्या गळ्यात त्याच्या पणजोबाचं पाप घालायचं, हे आपल्यावर जे झालं त्याच्यापेक्षा वेगळं कसं? आपल्यालाही जन्मावरूनच कोपरा मिळाला होता. आणि नाव नाही घ्यायचं, तर ते "वाईट लोक" परत आलेच. ह्या दोन्हींच्या मधली वाट मला समीक्षेच्या पुस्तकात सापडली नाही. बाई म्हणाल्या, "तुम्ही कवी ना? लिहून द्या की मग तुम्हीच."

चार रात्री लिहिलं आणि फाडलं. शेवटी भाचीसमोर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मामा, शेण मारून तो घरी जातो तेव्हा त्याच्या घरी कोण असतं?" मी म्हटलं, असेल एखादी मुलगी. "ती शाळेत जाते का?" नाही. त्या काळी त्यांच्याही मुलींना शिकवत नव्हते. "मग तिलाच विचारू दे ना त्याला."

आता नाटक तिथं अडलंय. बाप हात धुतोय आणि पोरगी दारात उभी आहे. तिनं नेमकं काय विचारावं हे आम्हाला अजून जमलेलं नाही. पण एवढं ठरलं, की शेण मारणाऱ्याला घर आहे, वाक्य आहे, कारण आहे. तो "वाईट लोक" नाही. आणि शाळेत बसलेल्या मुक्ताला वाक्य आहे. बाईंनी बघून सांगते म्हटलंय. त्यांनी नाही म्हटलं तरी मी राग धरणार नाही, पुन्हा जाईन.

मित्रांनो, वाचकांनो, अंकाच्या ह्या पानावरून एक मागणं आहे. तुमच्या जवळच्या जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या शाळेत ह्या वर्षी जे गॅदरिंग होईल, जयंती होईल, सहल जाईल, ती बघा आणि तिच्यावर लिहा. बाबासाहेबांचा निळा कोट कोणाच्या पोराला घातला, राजा कोण झालं, झाडू मारायला कोण होतं, माईक कोणाच्या हातात गेला, कोणाला वाक्य नव्हतं. शाळेची बदनामी करू नका, बाईंवर चिखल उडवू नका. फक्त चादरीच्या मागं कोण उभं होतं ते लिहा. आपली आई रस्त्यात उभी राहून विचारत होती. आपल्याला तर बसायला चटई आहे.

जयभीम.